साक्रीत ‘आळशी’, बारडोलीत ‘कष्टाळू’

साक्री - दिवाळीच्या पणत्या विझतात न विझतात तोच साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील पाड्यांवर मालमोटारी येऊन उभ्या राहतात. गोधड्या, भांडीकुंडी, सरपण, पोत्यात बांधलेली ज्वारी, कोंबड्या आणि लहान मुले असा सारा संसार मोटारीत चढतो. दहिवेलची चौफुली मागे टाकून, कोंडाईबारीचा घाट उतरून या मोटारी नवापूरमार्गे गुजरातेत शिरतात. बारडोली, मढी, चलथाण, सायण, गणदेवी ही तेथील साखर कारखान्यांची नावे साक्री-नवापूरच्या पाड्यांवरील शेंबड्या पोरालाही ठाऊक असतात. उन्हाळा तापेपर्यंत या माणसांचा मुक्काम उसाच्या फडातच असतो.

नेमक्या याच काळात पिंपळनेर, सामोडे परिसरात उन्हाळ कांद्याच्या लागवडीची घाई सुरू होते. लागवड संपते न संपते तोच निंदणी आणि पुढे मार्च-एप्रिलमध्ये काढणी. आणि नेमक्या याच काळात गावोगावच्या पारावर, सोसायटीच्या ओट्यावर, बाजार समितीच्या आवारात एकच तक्रार ऐकू येते, ‘मजूर मिळत नाही.’ तक्रारीचे दुसरे वाक्यही ठरलेले आहे. रेशनवर धान्य फुकट मिळते, सरकार खात्यात पैसे टाकते, मग शेतात राबायला कोण येणार? इथला माणूस आळशी झाला.

ज्या माणसाला साक्रीत आळशी म्हटले जाते, तोच माणूस त्या वेळी दोनशे किलोमीटरच्या आत पहाटेपासून कोयता चालवीत असतो आणि रात्री-बेरात्री उठून मालमोटारीत मोळ्या भरत असतो. बारडोलीच्या बागायतदारांकडे त्याच्याविषयी चौकशी केली, तर खानदेशी मजुरासारखा कष्टाळू मजूर नाही, असे उत्तर मिळते. माणूस तोच, हात तेच. राज्याची हद्द ओलांडताच त्याचा स्वभाव कसा बदलतो, या प्रश्नाचे उत्तर त्या माणसात शोधून सापडणार नाही.

हळपतींची जागा खानदेशाने घेतली

दक्षिण गुजरातेत ऊस फोफावला तो काकरापार आणि त्यानंतर उकाईच्या कालव्यांमुळे. तापीचे पाणी आले, पाठोपाठ सहकारी साखर कारखाने आले. ऊसतोडणीसाठी माणसे हवी होती आणि माणसे तर बारडोलीच्या गावागावांत होतीच. हळपती ही तेथील भूमिहीन शेतमजुरांची मोठी जमात. पिढ्यान् पिढ्या जमीनदारांच्या घरी ‘हाळी’ म्हणून बांधलेली. दारात मजूर असताना कारखान्यांनी तोडणीसाठी माणसे आणली ती मात्र खानदेशातून.

याचे कारण शोधण्याचे काम केले ते यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने. १९६० च्या दशकाच्या आरंभापासून दक्षिण गुजरातच्या खेड्यांत फिरलेल्या या अभ्यासकाने पुढे बारडोली परिसरातील ऊसतोडणीवर सविस्तर लिहिले. बागायतदार आणि कारखान्यांचे म्हणणे सरळ होते. हळपती आळशी आहे, दारू पितो, कामावर वेळेवर येत नाही, सण आला की घरी बसतो. ब्रेमन यांना दिसलेले चित्र निराळे होते. याच हळपती कुटुंबांतील माणसे हंगामात घर सोडून मुंबईकडच्या वीटभट्ट्यांवर आणि मिठागरांवर राबायला जात होती. आपल्या गावात ‘आळशी’ ठरलेला हळपती वीटभट्टीवर ‘कामसू’ होता आणि त्याच्या गावच्या उसात खानदेशचा भिल्ल, मावची, कोकणा ‘कामसू’ ठरत होता.

परका मजूर मालकाला प्रिय का होतो, याचे उत्तर यात दडले आहे. घरचा मजूर संध्याकाळी आपल्या घरी जातो. आजारी पडला तर थांबतो, भाऊबंद पाठीशी असतात, मजुरी पटली नाही तर उद्या येत नाही. परका मजूर फडाशेजारच्या पालातच राहतो. त्याला परतीचे गाडीभाडे नाही, भाषा नाही, ओळखीचा सरपंच नाही. रात्री दोन वाजता मोटार आली तरी तो हाकेच्या अंतरावर असतो आणि हंगाम संपला की त्याची जबाबदारी कोणावरही नसते. ज्याला आपण कष्टाळूपणा म्हणतो, त्यातील बराचसा भाग हा नाही म्हणण्याची सोय नसण्याचा आहे.

ही सोय काढून घेणारे साधन म्हणजे उचल. पोळ्यानंतर, पावसाळ्यात घरातले धान्य संपत आलेले असताना मुकादम पाड्यावर येतो. नवराबायकोची, किंवा दोन कमावत्या माणसांची, जोडी म्हणजे एक कोयता. कोयत्यामागे उचल ठरते. ती आजारपणात, लग्नात, जुन्या कर्जात, घराच्या पत्र्यात लगेच जिरते. पैसा कारखान्याकडून मुकादमाकडे आणि मुकादमाकडून मजुराकडे येतो, पण त्यावरचा व्याजाचा बोजा मजुराच्या वाट्याला येतो. दक्षिण गुजरातेतील तोडणी मजुरांत काम करणाऱ्या संघटनांनी आणि अभ्यासकांनी नोंदविले आहे की, उचलीची परतफेड बहुतांशी दिडीने होते. म्हणजे दहा हजार घेतले तर पंधरा हजारांचे काम करून द्यायचे. हंगामात पोटासाठी मिळणारी खावटीही हिशेबात धरली जाते. मजुरीचा हिशेब अखेरीस होतो. तोवर हातात पडतो तो उसाचे वाढे विकून आलेला पैसा.

मालक नेमका कोण, याचेही उत्तर सोयीनुसार बदलते. तोडणीचा कार्यक्रम कारखाना ठरवतो, कोणाचा ऊस कधी तुटणार हे कारखाना ठरवतो, मोटारी कारखान्याच्या, पैसा कारखान्याचा. पण अपघात झाला, बाळंतपण फडात झाले किंवा मजुरी बुडाली की तो मजूर मुकादमाचा असतो. मुकादमही बहुधा त्याच पाड्यावरचा, दोन इयत्ता अधिक शिकलेला माणूस.

टनाचा हिशेब

गुजरात सरकारने तोडणीचा किमान दर २०२२-२३ च्या हंगामात टनाला २३८ रुपयांवरून ४७६ रुपयांवर नेला. दर दुप्पट झाला, आणि मजूर संघटनांच्या वर्षानुवर्षांच्या मागणीला आलेले हे यश लहान नव्हे. तरीही हिशेब मांडून पाहावा. जोडीने दिवसात एक टन ऊस तोडून, सोलून, मोळ्या बांधून भरला तर माणशी पडतात २३८ रुपये. दीड टन तोडला तर ३५७. महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये होता. म्हणजे दहा-बारा तास राबून, लेकराबाळांसह उघड्यावर राहून पदरात पडणारी मजुरी गावच्या बंधाऱ्यावर माती टाकण्याच्या मजुरीच्या आसपासच राहते. त्यातून दिडीचे व्याज वजा करायचे ते वेगळेच.

मग माणसे जातात कशाला? साक्रीत हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण मजुरी आणि मजुरी यांची तुलना करतात. पाड्यावरचे कुटुंब तुलना करते ती रोख रकमेची. रोजगार हमीचे काम मागितल्यावर मिळेलच याची खात्री नाही, मिळाले तर हजेरीपट भरून पैसे खात्यात पडेपर्यंत किराणा दुकानदार थांबत नाही. कांद्याच्या शेतातील काम चांगल्या दराचे असले तरी ते लागवडीचे काही दिवस आणि काढणीचे काही दिवस. मधल्या काळात काय खायचे, याचे उत्तर कोणताही बागायतदार देत नाही, आणि त्याने ते द्यावे अशी अपेक्षाही नाही. मुकादम मात्र पावसाळ्यात, ऐन गरजेच्या वेळी, एकरकमी पैसे हातावर ठेवतो. बँकेने, सोसायटीने किंवा सरकारने ती जागा भरून काढलेली नाही.

फुकट धान्याचा मुद्दाही याच कसोटीवर घासून पाहावा. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत मिळते. जुलै २०२४ पासून लाडक्या बहिणीला महिना दीड हजार सुरू झाला. या गोष्टींनी मजुराचा दर वाढविण्यास हातभार लावला असेल, हे मान्य करायला हरकत नाही. आज पोटात अन्न असलेला माणूस पडेल त्या भावाने कामाला येत नाही. परंतु धान्याने माणूस घरी बसत असता तर मालमोटारी रिकाम्या गेल्या असत्या. त्या भरून जातात. धान्याने घासाघीस करण्याचे थोडेसे बळ दिले, आणि तेवढेच अनेकांच्या डोळ्यांत खुपते.

सालदाराचे वर्ष

खानदेशात कामाचे वर्ष आखाजीला उलटते. अक्षय्य तृतीयेला जुना सालदार सुटतो, नवा ठरतो. एकेकाळी पाच-दहा एकर बागायत असलेल्या प्रत्येक घरी सालदार असे. तो गुरांचे बघे, पाणी भरे, रात्री खळ्यावर झोपे. आता आखाजीच्या आधी महिनाभर शेतकरी सालदाराच्या शोधात मोटारसायकलवर हिंडताना दिसतात, आणि सालाचा आकडा लाखाच्या घरात गेल्याच्या बातम्या दरवर्षी छापून येतात. जळगाव जिल्ह्यात रावेर, यावल, चोपड्याच्या केळी पट्ट्यात सालदार आणि तोडणीची टोळी येते ती सातपुड्यातून आणि पलीकडे मध्य प्रदेशातील बडवानी, खरगोनकडून. पावरा, बारेला कुटुंबे शेतातल्या खोलीत राहतात. त्यांच्याविषयी केळीचा बागायतदार जे बोलतो, ते शब्दशः बारडोलीच्या बागायतदाराचे बोलणे असते. बिचारे मुकाट्याने काम करतात, आपल्या लोकांसारखी कटकट नाही.

जळगावच्या सराफ बाजारात दागिना घडविणारे हात मोठ्या प्रमाणावर बंगाली आहेत. धुळ्याच्या यंत्रमागावर उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबे पिढ्यान् पिढ्या आहेत. आणि खानदेशी माणूस कोठे आहे? तो सुरतेत उधना, लिंबायत, पांडेसरा येथे आहे. साडीच्या दुकानात, गिरणीत, रिक्षावर, भाजीच्या गाडीवर आहे. काही तर त्याहून कितीतरी पुढे गेले. गुजरात भाजपचे अध्यक्षपद भूषविलेले आणि २०२४ मध्ये केंद्रात जलशक्ती मंत्री झालेले सी. आर. पाटील यांचा जन्म जळगाव जिल्ह्यातला. खानदेशाच्या वाट्याला परप्रांतीयाविषयी तक्रार करण्याचा अधिकार आला असेलच, तर तो फारच अवघडलेला अधिकार आहे.

शेतीकामाविषयीची नावड फक्त मजुरातच आली आहे, असे मानणेही भोळेपणाचे ठरेल. मुलीसाठी स्थळ पाहताना ‘शेती किती’ हे विचारले जाते, पण ‘नोकरी आहे का’ हे आधी विचारले जाते. तीस-बत्तीस वर्षांची, दहा एकरवाली, अविवाहित मुले साक्री तालुक्यात कोणत्याही गावी भेटतील. बागायतदाराला आपल्या मुलाच्या हाती कुदळ नको आहे. पोलिस भरती, सैन्य भरती, नाही तर नाशिकच्या कारखान्यातली कंत्राटी नोकरी चालेल. जे काम स्वतःच्या मुलासाठी कमीपणाचे वाटते, तेच मजुराच्या मुलाने आनंदाने करावे, नव्हे, बारावी झाल्यावरही करावे, ही अपेक्षा मात्र कायम आहे. कामाची प्रतिष्ठा आणि जात यांचा संबंध येथे इतका जुना आहे की तो वेगळा बोलून दाखवावा लागत नाही.

कोटा हवा, पण कोणत्या कामात?

फेब्रुवारी २००८ मध्ये परप्रांतीयांविरुद्ध आंदोलन पेटले, तेव्हा शेजारच्या नाशिकमधून उत्तर भारतीय कामगार हजारोंच्या संख्येने निघून गेले आणि सातपूर-अंबडच्या कारखानदारांना हातावर हात धरून बसावे लागले. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये उत्तर गुजरातेतून हिंदी भाषक मजुरांवर पळून जाण्याची वेळ आली. उद्योगांत स्थानिकांना महाराष्ट्रात ८० टक्के, गुजरातेत ८५ टक्के जागा द्याव्यात, अशी धोरणे दोन्ही राज्यांनी केव्हाच जाहीर केलेली आहेत. मात्र उसाच्या फडात ८५ टक्के गुजराती हवेत, अशी मागणी आजवर कोणी केल्याचे ऐकिवात नाही. भूमिपुत्राचा आग्रह कारखान्याच्या फाटकाशी सुरू होतो आणि फाटकाशीच संपतो.

आखाती देशांत हेच चित्र मोठ्या पडद्यावर दिसते. कुवेतसारख्या चिमुकल्या देशात लोकसंख्येच्या सुमारे दोन तृतीयांश माणसे परदेशी आहेत. कुवेती नागरिकाला सरकारी नोकरी, परदेशी मजुराला बांधकाम आणि घरकाम, अशी वाटणीच होऊन गेली. सौदी अरेबियाने २०११ मध्ये ‘निताकत’ योजना आणून खासगी कंपन्यांना स्थानिकांची भरती सक्तीची केली, तेव्हा ‘आमची मुले हे काम करणार नाहीत’ ही ओरड तेथील व्यापाऱ्यांनीच केली. काम वाईट नव्हते, कामाच्या अटी परक्या माणसाच्या मापाने बेतलेल्या होत्या. मजुराचा परवाना मालकाच्या हाती ठेवणारी तेथील ‘कफाला’ पद्धत आणि साक्रीच्या पाड्यावरची उचल यांत दोरी वेगळी आहे, गाठ एकच.

परक्या माणसाविषयीचा अविश्वास किती टोकाला जातो, याची जखम साक्री तालुक्याच्या अंगावर आहे. १ जुलै २०१८ रोजी राईनपाडा येथे, बाजाराच्या दिवशी, भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळविणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. अफवा मोबाईलवरून पसरली होती. मारले गेलेले दूरवरून, सोलापूरकडून पोटासाठी आले होते. आणि हा सारा पट्टा असा, की जेथील घरोघरची माणसे वर्षातले सहा महिने परक्या मुलखात, परक्या भाषेत, अनोळखी म्हणून काढतात.

घराजवळचा ऊस

साक्री तालुक्यात ऊस नव्हता किंवा कारखाना नव्हता, असेही नाही. भाडणे येथील पांझराकान सहकारी साखर कारखाना हा एकेकाळी या भागाचा कणा मानला जाई. तो बंद पडला आणि दीर्घकाळ बंदच राहिला. तालुक्याला लागून बागलाणात शेवरे येथे द्वारकाधीश कारखाना आहे, नवापूर तालुक्यात डोकारे येथे आदिवासी सहकारी कारखाना आहे. कारखाना हाताशी असता तर सारे स्थलांतर थांबले असते, असे मात्र म्हणता येत नाही. नवापूरचे कोयतेही बारडोलीला जातातच. दरम्यान ब्राह्मणवेलच्या माथ्यावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, शिवाजीनगरला महानिर्मितीचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये आला. वीज गेली शहरांकडे. उभारणी संपल्यावर अशा प्रकल्पांना हात लागतात ते मोजकेच.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर या मजुराचे ठिकाण दोन राज्यांच्या मधोमध आहे. महाराष्ट्राने गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांचे महामंडळ काढले, त्यासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे पैसे घेण्याचे ठरले. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढीचा करार झाला. हे सारे महाराष्ट्रातल्या कारखान्यांत तोडणाऱ्यांसाठी. साक्रीचा कोयता गुजरातचा ऊस तोडतो. टाळेबंदीत, एप्रिल २०२० मध्ये, ऊसतोड मजुरांना घरी परतू देण्याचा निर्णय राज्याने घेतला, तेव्हाही तो राज्यातल्या कारखान्यांवर अडकलेल्यांपुरता होता. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा १९७९ चा. ठेकेदाराने परवाना घ्यावा, मजुराची नोंद करावी, प्रवासभत्ता द्यावा, असे त्यात लिहिलेले होते. तो आता नव्या श्रम संहितेत विरला आणि संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाल्या. ज्या पाड्यावरून मालमोटार सुटते, त्या पाड्याच्या ग्रामपंचायतीत कोण गेले, कोणाबरोबर गेले, किती उचल घेऊन गेले, याचा साधा कागद जोवर तयार होत नाही, तोवर कायदा जुना की नवा, यावाचून फारसे काही अडत नाही. मुलांच्या शिक्षणासाठी हंगामी वसतिगृहे आणि शिक्षण हमी पत्रक यांची योजना आहे. नातेवाइकाकडे मूल ठेवता आले तर त्याचे वर्ष वाचते. नाही तर ते फडात धाकट्या भावंडाला सांभाळते.

शेतकऱ्याची अडचण खोटी नाही, हेही येथे नोंदविले पाहिजे. कांद्याचा भाव पडला की लागवडीचा खर्च सुद्धा निघत नाही, निर्यातीवर सरकार केव्हा बंधन घालील याचा नेम नाही. अशा माणसाला मजुरी वाढवा, असे सांगणे सोपे आहे. रोजगार हमीमुळे मजूर मिळत नाही, ही त्याची जुनी तक्रार दिल्लीपर्यंत पोचली आहे. संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात कामाची हमी १०० दिवसांवरून १२५ दिवसांवर नेली आहे, आणि पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात एकूण ६० दिवसांपर्यंत ही कामे थांबविण्याची तरतूदही केली आहे. मजूर शेतात यावा, हा हेतू उघड आहे.

रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्राचीच. १९७२ च्या दुष्काळात तिची कसोटी लागली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. माणसाला गाव सोडावे लागू नये, हा तिच्यामागचा विचार होता. साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात सरकारी कामे बंद राहिली तर तो मजूर पिंपळनेरच्या कांद्यात उतरेल, की आणखी चार दिवस आधी बारडोलीच्या मालमोटारीत चढेल, हे ज्या त्या घरी मुकादमाची वही पाहूनच ठरेल. ती वही दर आखाजीला उघडते. फिटले नसेल ते पुढच्या हंगामाच्या पानावर चढते.